मुले स्वतःकडे कशी पाहतात? कोल्हापुरात किशोरवयीनांचा गट पहिल्यांदा चालवणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

कोल्हापुरातील एखाद्या शाळेत, कनिष्ठ महाविद्यालयात, बोर्डिंगात किंवा तालमीच्या अभ्यासिकेत चौदा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींचा छोटा गट पहिल्यांदाच चालवणाऱ्यांसाठी हा लेख आहे. मुले स्वतःकडे कशी पाहतात हे त्यांचे त्यांना समजावे, एवढाच अशा गटाचा हेतू असतो. हे काम करताना ज्या गोष्टी आधी ठाऊक असत्या तर बराच गोंधळ वाचला असता, त्या येथे क्रमाने मांडल्या आहेत.

‘मुलांचा आत्मविश्वास वाढवायचा आहे’ असे म्हणत येणाऱ्या स्वयंसेवकांना मी ते उद्दिष्ट काही काळ बाजूला ठेवायला सांगते. सोळा वर्षांच्या मुलाच्या मनातले स्वतःचे चित्र घरच्यांनी, शिक्षकांनी, गल्लीतल्या मित्रांनी, मोबाइलवरच्या अनोळखी लोकांनी आणि काही अंशी त्याने स्वतः रेखाटलेले असते. त्यातली कोणती रेघ कोणी ओढली हे त्याला दिसू लागले, की ती ठेवायची की बदलायची हे तो ठरवू शकतो. गट चालवणाऱ्याचे काम ते दिसू लागण्यापुरतेच आहे, आणि ते वाटते तितके सोपे नाही.

१. आधी स्वतःच्या मनात दोन कल्पना वेगळ्या करा

स्व-प्रतिमा म्हणजे ‘मी कसा आहे’ याचे वर्णन, आणि आत्मसन्मान म्हणजे त्या वर्णनाला आपण स्वतः दिलेली किंमत. ‘मी अबोल आहे’ हे वर्णन झाले. ते एखादी मुलगी समाधानाने लिहील, तर दुसरी खाली मान घालून लिहील. या दोहोंची गल्लत झाली, की गट चालवणारा प्रत्येक वर्णनाला दोष समजून तो दुरुस्त करायला धावतो.

स्व-प्रतिमा एकसंधही नसते. सुझन हार्टर या मानसशास्त्रज्ञ महिलेने १९८८ मध्ये किशोरवयीनांसाठी तयार केलेल्या प्रश्नावलीत अभ्यास, समवयस्कांमधील स्वीकार, खेळ, दिसणे, काम करण्याची क्षमता, प्रेमसंबंधातील आकर्षण, वर्तन आणि जवळची मैत्री अशी आठ क्षेत्रे स्वतंत्रपणे पाहिली, आणि ‘एकूण माणूस म्हणून मी स्वतःला कितपत आवडतो’ हे त्यांच्यापासून वेगळे मोजले. त्यांच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा असे दिसले, की या एकूण भावनेशी सर्वांत घट्ट नाते असते ते स्वतःच्या दिसण्याविषयीच्या मताचे. अभ्यासाच्या टेबलाशी बसलेला मुलगा मनात गुणांचाच हिशेब करत असेल, असे म्हणूनच गृहीत धरू नये.

२. परवानग्या आणि कागदपत्रे

पुढील कागद पहिल्या बैठकीपूर्वी हातात असावेत :

– मुख्याध्यापक, प्राचार्य किंवा वसतिगृह अधीक्षक यांची लेखी परवानगी, ज्यात बैठकींचे दिवस, वेळ आणि विषय नमूद असेल.
– अठरा वर्षांखालील प्रत्येकासाठी पालकांचे संमतीपत्र, साध्या मराठीत आणि एका पानात. सीमेलगतच्या गावांतील काही पालकांना ते कन्नडमध्ये समजावून सांगावे लागते, त्याची तयारी ठेवा.
– मुलाची किंवा मुलीची स्वतःची संमती. पालकांनी सही केली म्हणून मुलाने बसलेच पाहिजे असे नाही.
– संस्थेतील एका जबाबदार शिक्षकाचे नाव व फोन क्रमांक, अडचण आल्यास लगेच बोलावता येईल असा.
– मदतीच्या ठिकाणांची यादी. तिच्याविषयी नवव्या पायरीत सांगितले आहे.

साहित्य फारसे लागत नाही. कोरे कागद, पेन्सिली, प्रत्येकासाठी एक बंद करता येणारा लिफाफा आणि भिंतीवर घड्याळ एवढ्यावर भागते. प्रोजेक्टर मिळत असला तरी नको म्हणा, कारण पडदा लागला की मुले प्रेक्षक होतात.

संस्थेला अहवालासाठी छायाचित्रे हवी असतात. ती बैठक सुरू होण्यापूर्वी, मुलांना विचारून घ्यावीत. लिहिलेला कागद हातात असताना काढलेला फोटो संध्याकाळपर्यंत कोणत्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाईल, याची खात्री कोणालाच देता येत नाही.

३. गट, जागा आणि वेळ

गटात आठ ते बारा जण असावेत आणि वयात फार अंतर नसावे. नववीतला मुलगा बारावीच्या मुलांसमोर तोंड उघडत नाही. दर आठवड्याला तास-सव्वा तासाची एक बैठक, अशा सहा बैठका पुरतात. जून-जुलैमध्ये अकरावीचे प्रवेश सुरू असतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा असतात, त्यामुळे ऑगस्ट ते डिसेंबर हा काळ बरा. एसटीने किंवा केएमटीने, म्हणजे शहर बसने, ये-जा करणाऱ्या मुलांचे वेळापत्रक विचारूनच वेळ ठरवा. शेवटची गाडी चुकण्याची धास्ती असलेली मुलगी बैठकीत मनाने नसतेच.

४. पहिली बैठक : गोपनीयतेचे वचन आणि त्याची मर्यादा

‘इथले बोलणे इथेच राहील’ असे सरसकट वचन देणे हा नवख्यांचा सर्वांत मोठा सापळा आहे, कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही. २०१२ च्या बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण कायद्यानुसार, म्हणजे पोक्सोनुसार, अठरा वर्षांखालील व्यक्तीवर असा अपराध झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे ज्याला कळते, त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. शिवाय एखाद्याच्या जिवाला धोका असेल, तर गप्प राहणे हा विश्वासघातच ठरेल. म्हणून पहिल्याच दिवशी शांत आवाजात सांगा : तुमचे बोलणे आम्ही बाहेर नेणार नाही, मात्र कोणी तुम्हाला इजा करत असेल, किंवा तुम्ही स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा कराल असे वाटले, तर आम्हाला योग्य व्यक्तीला सांगावे लागेल, आणि तसे करण्यापूर्वी आम्ही शक्यतो तुमच्याशी बोलू. हे ऐकून मुले दूर जातील अशी भीती वाटते, पण मर्यादा स्पष्ट असलेला माणूस त्यांना अधिक विश्वासार्ह वाटतो.

दुसरा नियम ‘पास’ म्हणण्याचा. कोणत्याही प्रश्नावर कारण न देता ‘पास’ म्हणता येईल, आणि त्यावर कोणी हसणार नाही. तो नियम खरा आहे हे पटावे म्हणून पहिल्या फेरीत तुम्ही स्वतः एकदा ‘पास’ म्हणा.

५. दुसरी बैठक : ‘मी कोण आहे?’ याची वीस उत्तरे

सर्व साधनांमध्ये हे मला सर्वांत उपयोगी वाटते, म्हणून याच्याविषयी सविस्तर लिहिते. मॅनफर्ड कून आणि थॉमस मॅकपार्टलंड या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये ही पद्धत मांडली. कागदावर एक ते वीस आकडे घालायचे आणि ‘मी कोण आहे?’ या एकाच प्रश्नाची वीस उत्तरे सुचतील त्या क्रमाने, फार विचार न करता लिहायची. बारा ते पंधरा मिनिटे द्या. शुद्धलेखन कोणी पाहणार नाही आणि कागद कोणी गोळा करणार नाही, हे आधी सांगा.

पहिल्या चार-पाच ओळी सहज येतात : नाव, गाव, इयत्ता, कोणाचा मुलगा, कोणाची बहीण. कोल्हापुरात त्यांत पेठ आणि तालीमही येते. शिवाजी पेठेतला किंवा मंगळवार पेठेतला मुलगा आपल्या फुटबॉल संघाचे नाव स्वतःच्या नावानंतर लगेच लिहितो, मग तो स्वतः मैदानात उतरो वा न उतरो. बोर्डिंगातली मुले बोर्डिंगाचे नाव लिहितात. १९०१ पासून राजर्षी शाहू महाराजांनी निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांना चालना दिली, त्यामुळे या शहरात ‘तू कुठल्या बोर्डिंगचा?’ या प्रश्नाला पत्त्यापेक्षा अधिक अर्थ आहे. जातीचा उल्लेख काही जण करतात, काही जण जाणीवपूर्वक टाळतात. त्यावर बोट ठेवू नका आणि तो कोणाला वाचून दाखवायला लावू नका.

सातव्या-आठव्या ओळीपाशी पेन्सिल अडते. तेथे गप्प राहणे हे तुमचे काम आहे. उदाहरणे पुरवलीत, तर पुढच्या ओळी तुमच्या होतील. कून आणि मॅकपार्टलंड यांना असे आढळले होते, की माणसे आधी कोणालाही पडताळता येण्याजोग्या सामाजिक ओळखी लिहून संपवतात आणि मगच मतांकडे, स्वभावाकडे, आवडीनिवडींकडे वळतात. आपल्याला ज्या ओळींवर बोलायचे आहे त्या बहुधा दहाच्या पुढे असतात.

लिहून झाल्यावर प्रत्येकाने स्वतःच्या कागदावर तीन फेऱ्यांत खुणा कराव्यात. पहिल्या फेरीत ज्या वाक्यावर सर्वांचे एकमत होईल (‘मी अकरावीत आहे’) त्यापुढे टिंब, आणि जे मत आहे (‘मी आळशी आहे’) त्यापुढे फुली. दुसऱ्या फेरीत प्रत्येक फुलीपुढे ते वाक्य प्रथम कोणाच्या तोंडून ऐकले हे लिहायचे : आई, काका, सर, मैत्रीण, कोणीच नाही. तिसऱ्या फेरीत ते साधारण कोणत्या इयत्तेत ऐकले हे लिहायचे.

या तिसऱ्या फेरीपाशी खोलीतली शांतता बदलते. ‘मी गणितात ढ आहे’ हे वाक्य पाचवीतल्या एका चाचणीपासून चालत आलेले असते आणि त्यानंतर ते कोणी तपासलेलेच नसते. ‘मी सावळी आहे’ हे वर्णन म्हणून टिंबाचे वाक्य असते, पण मुलगी तेथे फुली करते, कारण एखाद्या लग्नघरात ते तिच्याबद्दल सहानुभूतीच्या सुरात बोलले गेलेले असते. अशा वेळी ‘छे, तू छान दिसतेस’ म्हणण्याचा मोह आवरा. ‘हे वाक्य ज्यांनी म्हटले, त्यांना तुझ्याविषयी आणखी काय माहीत होते?’ एवढे विचारून थांबा. उत्तर मोठ्याने मिळालेच पाहिजे असे नाही.

मुलग्यांच्या बाबतीत एक वेगळी अडचण येते. रांगडेपणा हा या शहराचा अभिमान आहे, त्यामुळे मुलांच्या यादीत ‘नाद खुळा’ छापाची वाक्ये रांगेने येतात आणि भीती, लाज, एकटेपणा यांना जागाच मिळत नाही. त्यावर टीका केली तर मुले मिटतात. ‘घरी, तालमीत आणि वर्गात यांतले कोणते वाक्य खरे राहत नाही?’ असे विचारल्यास बहुतेक जण स्वतःहून दोन-तीन ओळींपुढे खूण करतात.

कागद लिफाफ्यात घालून, वर स्वतःला कळेल अशी खूण करून मुलांनी स्वतःजवळ ठेवावा किंवा तुमच्याकडे बंद स्थितीत द्यावा.

६. तिसरी बैठक : इतरांच्या नजरेचा अंदाज

चार्ल्स कूली यांनी १९०२ मध्ये मांडलेली आरशाची कल्पना येथे कामी येते. दुसऱ्याला आपण कसे दिसतो याची आपण कल्पना करतो, तो त्यावर काय मत बनवत असेल याचीही कल्पना करतो, आणि त्या कल्पनेवरून अभिमान किंवा शरम अनुभवतो. यातल्या पहिल्या दोन पायऱ्या निव्वळ अंदाजाच्या आहेत, हे मुलांना कळणे महत्त्वाचे. डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये असे मांडले, की किशोरवयात आपल्यावर सतत कोणीतरी नजर ठेवून आहे असे वाटत राहते. अशा काल्पनिक प्रेक्षकांपुढे ही मुले वावरत असतात.

सराव असा : प्रत्येकाने विश्वासातली एक व्यक्ती निवडावी, ती आपले कोणते तीन गुण किंवा सवयी सांगेल याचा अंदाज लिहावा, आणि आठवड्याभरात तिला प्रत्यक्ष विचारून दुसऱ्या रकान्यात उत्तर लिहावे. अंदाज आणि उत्तर यांतील फरकावर पुढच्या बैठकीची पहिली वीस मिनिटे सहज जातात. आजी-आजोबांची उत्तरे बहुधा सर्वांत अनपेक्षित निघतात.

सापळा : गटातल्या मुलांनाच एकमेकांविषयी मते लिहायला लावू नका. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम यांच्या १९५५ च्या ‘जोहारी खिडकी’चा, म्हणजे एकमेकांविषयीची मते स्वतःच्या मताशी ताडून पाहण्याचा सराव मोठ्यांच्या प्रशिक्षणांत सर्रास घेतला जातो, म्हणून तो मुलांवरही करून पाहण्याची हौस अनेकांना असते. एकाच वर्गात रोज भेटणाऱ्या मुलांमध्ये त्याचे रूपांतर चिडवण्यात व्हायला एक चिठ्ठी पुरते.

७. चौथी बैठक : तुलना आणि तीन रकाने

चंदगड, आजरा, भुदरगड, राधानगरी येथील शाळांत पहिला-दुसरा आलेला मुलगा अकरावीला कोल्हापुरात येतो आणि दिवाळीपर्यंत ‘मला काही येत नाही’ असे म्हणू लागतो. त्याची समज कमी झालेली नसते. आजूबाजूची मंडळी बदललेली असतात. हर्बर्ट मार्श यांनी १९८७ च्या त्यांच्या लेखात हेच दाखवले : सारख्याच कुवतीचा विद्यार्थी अधिक हुशार मुलांच्या शाळेत गेला, की अभ्यासाविषयीचे त्याचे स्वतःबद्दलचे मत खाली येते. गटात हे स्पष्ट शब्दांत सांगावे, कारण आपल्याला जे वाटते आहे ते अभ्यासकांना परिचित आहे, हे ऐकूनच काही चेहरे सैल होतात. चंदगडी बोलीचा किंवा गडहिंग्लजकडच्या कन्नड वळणाच्या मराठीचा हेल वर्गात चेष्टेचा विषय होतो आणि मुले बोलणेच कमी करतात. त्यातून ‘मी अबोल आहे’ हे वाक्य तयार होते, आणि पाचव्या पायरीतल्या खुणांनी त्याचे वय मोजले तर ते जेमतेम काही महिन्यांचे निघते.

यानंतर कागदाचे तीन रकाने करायला सांगा : ‘मी आहे’, ‘मला व्हायला आवडेल’, ‘मी व्हायलाच हवे’. टोरी हिगिन्स यांनी १९८७ मध्ये असे मांडले, की पहिल्या आणि दुसऱ्या रकान्यांतील अंतर निराशेकडे नेते, तर पहिल्या आणि तिसऱ्यातील अंतर अस्वस्थतेकडे आणि अपराधीपणाकडे. नीट, जेईई, पोलीस भरती किंवा वडिलांचा व्यवसाय हे शब्द कोणत्या रकान्यात पडतात, हे मुलांनी स्वतः पाहावे. पालकांवर खापर फोडण्याचा हा तास होऊ देऊ नका. तिसऱ्या रकान्यातल्या काही गोष्टी मुलांना मनापासून पटलेल्याही असतात. अशा गोष्टींपुढे त्यांनी पुन्हा एक टिंब करावे.

८. पाचवी बैठक : छोटी, तपासता येणारी कृती

घोषणांपासून दूर राहा. ‘मी सर्वोत्तम आहे’ असे आरशासमोर रोज म्हणायला लावणारे वक्ते स्नेहसंमेलनांत टाळ्या घेतात. परंतु जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आत्मसन्मान आधीच कमी असलेल्यांनी ‘मी प्रेम करण्याजोगा माणूस आहे’ असे वाक्य घोकल्यावर त्यांना अधिकच वाईट वाटल्याचे दिसले. ज्यांना गरज सर्वांत जास्त, त्यांनाच हे औषध बाधते.

त्याऐवजी प्रत्येकाने आपल्या यादीतले फुलीचे एक वाक्य निवडावे आणि ते पंधरा दिवसांत तपासता येईल अशी एक कृती ठरवावी. ‘मला अनोळखी लोकांशी बोलता येत नाही’ असे लिहिणाऱ्या मुलीने करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन सभासद कसे व्हायचे याची चौकशी करावी. ‘माझ्या हाताला वळण नाही’ म्हणणाऱ्याने कोणाकडून तरी एक छोटे काम शिकून पाहावे. कृती जमली नाही, तरी त्या वाक्याविषयी काहीतरी नवी माहिती मिळतेच, आणि ती कागदावर लिहायची असते.

कौतुक करताना शब्द जपून वापरा. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत, ‘तू हुशार आहेस’ असे कौतुक झालेली मुले पुढच्या अपयशानंतर लवकर मागे हटली, तर प्रयत्नांचे कौतुक झालेली मुले टिकून राहिली.

प्रश्नावल्यांबाबत थोडे : मॉरिस रोझेनबर्ग यांची १९६५ ची दहा विधानांची आत्मसन्मान मापनी सर्वत्र सहज मिळते, म्हणून ती भरून घेऊन मुलांना गुण सांगण्याची चूक करू नका. गुणपत्रिकांनी आधीच वेढलेल्या मुलांना स्वतःच्या किमतीचाही आकडा हातात देणे मला तरी क्रूर वाटते.

९. कधी थांबायचे आणि कोणाकडे पाठवायचे

तुम्ही समुपदेशक नसाल, तर समुपदेशन करू नका. स्वतःला इजा केल्याच्या खुणा, मरणाचे बोलणे, झोप व जेवण बराच काळ विस्कटणे, एकदम सर्वांपासून तुटणे किंवा ‘माझ्याशिवाय सगळ्यांचे बरे चालेल’ अशा अर्थाची वाक्ये दिसली, तर बैठकीनंतर त्या मुलाशी एकट्याने, पण दार उघडे ठेवून बोला. त्याला एकटे सोडू नका आणि दुसऱ्या पायरीत ठरवलेल्या शिक्षकाला त्याच दिवशी सांगा. जीव देण्याचा विचार मनात येतो का, हे सरळ विचारल्याने तो विचार रुजत नाही.

यादीत असावेत असे क्रमांक : टेलि-मानस १४४१६, ही केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली मोफत मानसिक आरोग्य सेवा असून तेथे मराठीत बोलता येते; आणि संकटातील बालकांसाठी १०९८. प्रत्यक्ष तपासणीसाठी सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयातील मानसोपचार विभाग आहे. दहा ते एकोणीस वयोगटासाठी शासकीय रुग्णालयांत मैत्री क्लिनिके चालतात. तुमच्या तालुक्यात ते कोणत्या वारी उघडे असते, हे आधी जाऊन पाहून या. बंद दारावर पाठवलेला मुलगा पुन्हा मदत मागायला येत नाही.

१०. सहावी बैठक आणि कागदांची विल्हेवाट

शेवटच्या बैठकीत ‘मी कोण आहे?’ची वीस उत्तरे पुन्हा लिहायला सांगा, मग लिफाफे उघडून दोन्ही कागद शेजारी ठेवू द्या. काही याद्या जवळपास तशाच राहतात आणि त्यात अपयश मानण्याचे कारण नाही. पुष्कळदा वाक्य तेच असते, फक्त फुली जाऊन तिथे टिंब आलेले असते, किंवा ‘कोणाकडून ऐकले’ याच्या जागी मुलाने आता स्वतःचे नाव लिहिलेले असते. निष्कर्ष काढायचा असेल तर तो मुलांना काढू द्या.

संस्थेला अहवाल देताना बैठकींच्या तारखा, उपस्थितांची संख्या आणि घेतलेले सराव एवढेच लिहा. कोणाचेही वाक्य उद्धृत करू नका, नाव वगळूनही नाही, कारण बारा जणांच्या गटात अक्षरापेक्षा वाक्यावरून माणूस लवकर ओळखू येतो. जे कागद मुलांना नको असतील ते त्यांच्यासमोरच फाडा. उरलेले लिफाफे त्यांच्या हाती द्या, आणि बोर्डाची परीक्षा संपल्यानंतरच्या पुढच्या भेटीची तारीख ठरवून ती फळ्यावर लिहून निघा.